कल्पिताला चौकट हवी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी मागे पडली की थोड्याच अंतरावर गुजरातची हद्द लागते. पाट्यांची लिपी बदलते, एस.टी.च्या गाड्यांचा रंग बदलतो, पेट्रोलचा भावही बदलतो. नकाशावर ही रेषा ठसठशीत आहे. महामार्ग सोडून आत पाड्यांकडे वळणाऱ्याला मात्र ती कोठेच सापडत नाही. रेषेच्या अलीकडे वारली समाज आहे आणि पलीकडेही आहे. सोयरीक रेषा ओलांडून होते आणि तारप्याचा स्वर तर कोणत्याच नाक्यावर थांबत नाही. सीमा खरी असते आणि त्याच वेळी ती माणसाने कल्पिलेलीही असते, हे या तालुक्यातील माणसाला कोणत्याही पुस्तकावाचून कळलेले आहे.

साहित्यात, विशेषतः लघुकथेत, अशीच एक सीमा असते. तिच्या एका बाजूला घडलेले, पाहिलेले, पुराव्याने सिद्ध होणारे जग असते. दुसऱ्या बाजूला मनाने रचलेले जग. चांगला कथाकार ही सीमा अशा कौशल्याने पुसट करतो की आपण पलीकडे केव्हा गेलो हे वाचकाला कळतही नाही. त्यासाठी तो कोणती साधने वापरतो, हा वरवर पाहता साहित्याच्या अभ्यासकांचा विषय वाटेल. परंतु बनावट छायाचित्र, बनावट आवाज आणि बनावट बातमी घरोघरी भ्रमणध्वनीवर येऊन पडत असताना ही साधने ओळखता येणे ही प्रत्येक कुटुंबाची गरज झाली आहे. ही ओळख करून घेण्यास डहाणू-तलासरीच्या पाड्यांइतकी चांगली शाळा शोधून सापडणार नाही.

भिंतीवरचा धडा

वारली घरात लग्न निघाले की सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ असे म्हणण्याची तेथील रीत आहे आणि ती अर्थपूर्ण आहे. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि टोक चेचलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी अशा खुणा येतात. शेजारच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या देव असतो. आणि चौकाच्या बाहेर सगळा संसार पसरलेला असतो: शेतात राबणारी माणसे, ताडावर चढणारा गडी, बैल, कोंबड्या, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणारी माणसांची साखळी.

या भिंतीवर दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट रंगाची. देवीसाठी सोनेरी रंग नाही आणि कोंबडीसाठी मळकट रंग नाही. अलौकिक आणि लौकिक दोन्ही एकाच पांढऱ्या रंगात, एकाच जाडीच्या रेषेत उतरतात. त्यामुळे पाहणाऱ्याला देवी ही शेजारच्या आवारातील बाईइतकीच जवळची वाटते. दुसरी गोष्ट चौकटीची. देवीभोवती नक्षीची चौरस सीमा असते. आत जे आहे ते पूजेचे आहे, बाहेर जे आहे ते रोजचे आहे, हे त्या नक्षीवरून घरातील लहान मुलालाही समजते. एक रंग दोन जगांना जोडतो आणि एक चौकट त्यांची ओळख राखते.

डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला विधीच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि ती जगभर पोहोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. भिंतीवरचे चित्र कागदावर आले तरी त्याचे शील बदलले नाही. मासे धरण्याचे जाळे आणि पुराणातील प्रसंग एकाच शांत हाताने रेखाटण्याची ती वृत्ती कायम राहिली. हा शांत हात हेच कथाकाराचे पहिले साधन होय.

पानिपतचे फाटलेले पान

भिंतीवरचा हा धडा छापील मराठी कथेत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेकडे वळावे लागेल. ही कथा इंग्रजी रूपात एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली आणि देशभरातील विद्यार्थ्यांनी ती वर्षानुवर्षे अभ्यासली.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचे पारडे फिरले, हा इतिहास आहे. कथेचे नायक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. ते पुण्याहून मुंबईला रेल्वेने निघतात आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येते की ही मुंबई ओळखीची असूनही आपली नाही. येथे अद्याप इंग्रजांचा अंमल आहे आणि देशाच्या उर्वरित भागात मराठ्यांच्या विजयातून घडलेला निराळाच इतिहास नांदतो आहे. हे कसे घडले याचा शोध घेण्यासाठी ते टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात. स्वतःच लिहिलेल्या इतिहासाच्या खंडात त्यांना पानिपतावर मराठे जिंकल्याचे वाचायला मिळते. तेथील बखर सांगते की गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. पुढे आझाद मैदानावरील सभेत ते रिकामी अध्यक्षीय खुर्ची पाहून सवयीने जाऊन बसतात, जमाव खवळतो आणि त्या गदारोळात ते आपल्या जगात परततात. हाती उरते ते त्या बखरीचे एक फाटलेले पान.

या कथेची बांधणी बारकाईने पाहिली तर सीमा पुसट करण्याची साधने एकेक करून मोजता येतात. पहिले साधन म्हणजे ठाऊक असलेला भूगोल. रेल्वेचा प्रवास, मुंबईचे स्थानक, टाउन हॉल, आझाद मैदान ही सारी ठिकाणे वाचकाने पाहिलेली आहेत. पाय ओळखीच्या जमिनीवर असले की माणूस डोळे मिटूनही चार पावले पुढे जातो. दुसरे साधन संयमाचे. कथाकाराने इतिहासात एकच बदल केला आहे, तोही बोटभर. गोळीचा मार्ग किंचित हलला. बाकी सारे त्या एका बदलातून क्रमाने निघते, म्हणून वाचकाची तर्कबुद्धी तक्रार करत नाही. तिसरे साधन दृष्टीचे. गंगाधरपंतांना जेवढे दिसते तेवढेच वाचकाला दिसते. ते गोंधळतात तेव्हा वाचक गोंधळतो आणि ते ग्रंथालयात धाव घेतात तेव्हा वाचकालाही तेच करावेसे वाटते. शिवाय नायक इतिहासकार असल्याने त्याची शंकाही शिस्तीची आहे. तो पुरावा मागतो. चौथे साधन म्हणजे तेच फाटलेले पान. स्वप्नातून जागा झालेला माणूस स्वप्नातील वस्तू हातात घेऊन उठला, तर ते स्वप्न होते असे कसे म्हणावे?

येथवर कथाकाराने सीमा पुसली. परंतु नारळीकर येथे थांबत नाहीत. राजेंद्र देशपांडे या मित्राच्या तोंडून ते आपत्ती-सिद्धांत आणि पुंजयामिकी यांचा आधार देतात. लहानशा बदलाने घटनाक्रम दोन वाटांना कसा फुटू शकतो, इलेक्ट्रॉनचे नेमके स्थान आधी का सांगता येत नाही, याचे विवेचन येते. हे विवेचन वाचकाला विचारावर परत आणते. पर्यायी विश्व सिद्ध झाले आहे असा दावा कथा करत नाही. असे असू शकेल काय, हा प्रश्न ती वाचकाच्या हाती देते. वारली सुवासिनीने देवीभोवती काढलेली नक्षी येथे विज्ञानाच्या रूपाने आली आहे.

नारळीकरांच्या लेखनाचा प्रारंभही या दृष्टीने बोलका आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. परीक्षकांवर आपल्या कीर्तीचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव योजले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. एका कल्पित माणसाने खरे पारितोषिक मिळविले आणि नंतर पडदा दूर झाला. कल्पिताचा उपयोग प्रामाणिकपणे करता येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मे २०२५ मध्ये ते निवर्तले, परंतु गंगाधरपंतांचे ते फाटलेले पान मराठी वाचकाच्या खिशात राहिले आहे.

परंपरेला हे नवे नाही

कल्पना आणि वास्तव यांच्या मिश्रणाला ‘जादुई वास्तववाद’ असे नाव देऊन ते दक्षिण अमेरिकेतून आले, असे सांगण्याची पद्धत आहे. तो शब्दप्रयोग जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह याने १९२५ साली चित्रकलेसाठी वापरला आणि पुढे गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या कादंबऱ्यांमुळे तो जगभर गेला. आश्चर्याची गोष्ट निर्विकार चेहऱ्याने सांगण्याची हातोटी आपण आजीकडून शिकलो, असे मार्केझ यांनी सांगून ठेवले आहे. आजीचे हे विद्यापीठ भारतीय घराला अपरिचित नाही.

योगवासिष्ठातील लवण राजाचे आख्यान पाहावे. राजसभेत एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा सिंहासनावरच निश्चल होतो. काही घटकांनी तो भानावर येतो आणि सांगतो की या अवधीत आपण दूरच्या अरण्यातील एका वस्तीत संसार मांडला, तेथे म्हातारे झालो, दुष्काळात होरपळलो. सभा हे सारे इंद्रजाल समजते. पण राजा शोध घेत विंध्याच्या रानात जातो आणि तेथे त्याला तीच वस्ती आणि आपल्या माणसांसाठी आक्रोश करणारी वृद्धा प्रत्यक्ष दिसते. भास संपल्यावर पुरावा सापडतो! गंगाधरपंतांचे फाटलेले पान आणि लवण राजाला भेटलेली ती वृद्धा यांच्यात अनेक शतकांचे अंतर असले तरी कथनाची युक्ती एकच आहे. योगवासिष्ठाने तिला तत्त्वज्ञानाची चौकट दिली: वसिष्ठ रामाला मनाचे स्वरूप समजावून सांगत आहेत आणि हे आख्यान त्या उपदेशाचा भाग आहे. नारळीकरांनी तीच युक्ती विज्ञानाच्या चौकटीत बसविली.

मराठीत याहून निराळी वाटही आहे. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ या १९७५ च्या संग्रहातील कथा अशा प्रदेशात घडतात ज्याचा नकाशा कोणाकडे नाही. तेथे ओळखीचे स्थानक नाही की तारीख नाही. तरीही त्यातील दुःख वाचकाला स्वतःचे वाटते. नारळीकर ठिकाण खरे ठेवून घटना कल्पित करतात, जी. ए. ठिकाण कल्पित करून वेदना खरी ठेवतात. दोघांनीही वाचकाला फसविलेले नाही. कथा उघडतानाच तिचा पोत सांगून टाकतो की येथे कोणत्या प्रकारचे सत्य मिळणार आहे.

चौकट नाहीशी झाली तर?

पानिपतच्याच इतिहासात या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. सदाशिवरावभाऊ रणांगणावर पडले, परंतु अनेकांच्या मनाने ते स्वीकारले नाही. भाऊ परत येतील ही आशा महाराष्ट्रभर जिवंत राहिली. पार्वतीबाईंनी ती अखेरपर्यंत सोडली नाही. या आशेचा लाभ घेऊन एक तोतया उभा राहिला. ‘मीच भाऊ’ असे सांगत त्याने माणसे जमविली, कोकणात किल्ले बळकावले आणि आधीच अडचणीत असलेल्या पुणे दरबाराला हैराण केले. अखेर १७७६ साली त्याला मृत्युदंड देण्यात आला.

तोतया हीदेखील एक कथाच होती. तिच्यात ठाऊक असलेले नाव होते, खऱ्या घटनेचा धागा होता, श्रोत्याच्या मनातील इच्छा होती आणि विश्वास बसावा असा तपशील होता. कथाकाराची सारी साधने तोतयाने वापरली. वगळली ती केवळ चौकट. कथाकार म्हणतो, ‘असे समजा’. तोतया म्हणतो, ‘असेच आहे’. विश्वासराव वाचले असते तर काय झाले असते, हा नारळीकरांचा प्रश्न मराठी माणसाला पानिपतविषयी विचार करायला लावतो. भाऊ वाचलेच आहेत, हा तोतयाचा दावा त्याच मराठी माणसाला आपल्याच माणसांविरुद्ध उभा करतो.

आता पुन्हा डहाणू तालुक्यात परतले पाहिजे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. गुरूंच्या अंत्यसंस्कारासाठी ते सुरतकडे निघाले होते. त्याआधीचे काही दिवस त्या परिसरात रात्री चोर फिरतात, मुले पळविणारे फिरतात अशा अफवा पसरल्या होत्या. या घटनेमागील इतर कारणांचा शोध हा तपासयंत्रणांचा आणि न्यायालयाचा विषय आहे. पोलिसांच्या देखत हे घडावे, ही वेदना समाजाच्या मनातून पुसली जाणारी नाही. येथे विचार करायचा आहे तो अफवेच्या रचनेचा.

अफवा ऐकणाऱ्याला ती अफवा का वाटत नाही? कारण तिच्यात शेजारच्या गावाचे नाव असते. कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असते, पण तो ‘कोणी’ कधी समोर येत नाही. काळोखी रात्र असते, अनोळखी गाडी असते. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून बसलेली भीती असते, आणि रचणारा तिला केवळ आकार देतो. ओळखीचा भूगोल, एकच बदल, मर्यादित दृष्टी आणि हाती ठेवलेला ‘पुरावा’: कथेची चारही साधने येथे हजर आहेत. पुरावा म्हणून आज भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र पुरते, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने न घडलेल्या प्रसंगाचे छायाचित्र, न बोललेल्या माणसाचा आवाज घटकाभरात तयार होतो. फाटलेले पान बनविणे इतके सोपे कधीच नव्हते. ज्या भूमीतील अशिक्षित मानल्या गेलेल्या सुवासिनीला देवीभोवती चौकट आखण्याचे भान होते, त्याच भूमीत चौकट नसलेल्या कथेने तीन जीव घेतले, यातील विसंगती अंतर्मुख करणारी आहे.

हा दोष केवळ डोंगरातल्या पाड्यांचा मानून शहरातील सुशिक्षित कुटुंबाने निश्चिंत होऊ नये. ऐतिहासिक कादंबरीतील संवाद थोर पुरुषांचे प्रत्यक्ष उद्गार म्हणून पुढे पाठविले जातात, चित्रपटातील प्रसंग इतिहास म्हणून मुलांना सांगितले जातात, आणि पाठविणाऱ्यांत पदवीधरांची संख्या कमी नसते. ज्या समाजाला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे, त्याने तर बखर, कादंबरी आणि अस्सल कागद यांतील भेद अधिक काटेकोरपणे जपला पाहिजे. कल्पिताला सत्य म्हणून मिरविले की एक दिवस खऱ्या पराक्रमावरही लोक संशय घेऊ लागतात. तोतयाने भाऊंचे नाव घेतले. त्यातून भाऊंची कीर्ती वाढली नाही.

कथा वाचण्याचा संस्कार

यावर उपाय म्हणून कल्पनेलाच दूर सारावे, असे कोणी म्हणेल. ते आत्मघातकी ठरेल. विवळवेढे येथे महालक्ष्मीच्या पायथ्याच्या मंदिरात चैत्री पौर्णिमेपासून यात्रा भरते, तेव्हा एका गर्भवती भक्त स्त्रीला डोंगर चढवेना म्हणून देवीच तिच्यासाठी खाली आली, ही कथा सांगितली जाते. या कथेकडे कोणी पुरावा मागत नाही आणि मागूही नये. तिच्यातील करुणेचे सत्य लाखो माणसांनी आपले मानले आहे. तिची चौकट श्रद्धेची आहे आणि ती ऐकणाऱ्याला ठाऊक आहे. कल्पनेवाचून समाज कोरडा होतो. चौकटीवाचून तो आंधळा होतो.

म्हणून गरज आहे ती कथा अधिक वाचण्याची, आणि जाणतेपणाने वाचण्याची. वसतिगृहे, अभ्यासिका आणि घरोघरीच्या रात्रीच्या बैठका यांसाठी हे काम अवघड नाही. मुलांसमोर एखादी चांगली लघुकथा मोठ्याने वाचावी आणि शेवटी चार प्रश्न विचारावेत. यातील कोणती ठिकाणे खरी आहेत? कल्पित नेमके कोठून सुरू झाले? हे सांगणाऱ्याला कसे कळले? लेखकाने चौकट कोठे आखली? ज्या मुलाला गंगाधरपंतांच्या कथेत हा सांधा सापडतो, त्याला भ्रमणध्वनीवरच्या अफवेत सांधा नाही हेही दिसू लागते. हे शिक्षण कायद्याने किंवा बंदीने होणार नाही, गोष्टीनेच होईल.

याच्या पुढची पायरी लेखनाची आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या गावांना भूकंपाच्या धक्क्यांनी वारंवार हादरविले. धुंदलवाडी परिसरातील माणसांनी कडाक्याच्या थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. पायाखालची जमीनच बोलू लागली, तर वास्तव हेच कल्पनेहून अद्भुत होते. त्या रात्रीची कथा कोणी बाहेरच्याने येऊन लिहिण्याची वाट का पाहावी? तलासरीच्या शाळेतील एखाद्या मुलीने ती लिहावी. पानिपतच्या २२ वर्षे आधी, १७३९ साली, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आला. गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या विश्वात डहाणूच्या किनाऱ्यावर कोणाचे निशाण फडकत असेल, यावरही एखाद्या मुलाने कथा रचावी. शहरातील वाचकाने ती आवडीने वाचावी.

अशी कथा लिहिताना त्या मुलांना कोणा पाश्चात्त्य लेखकाचा कित्ता समोर ठेवावा लागणार नाही. घरातील लग्नाची भिंत त्यांच्यासमोर आहे. देवी आणि कोंबडी एकाच पांढऱ्या रंगात रेखाटण्याचे धैर्य तेथे आहे, आणि देवीभोवती न विसरता नक्षी आखण्याचा विवेकही तेथेच आहे.